खानदेशाला समुद्र लागला तेव्हा

तमाम खानदेशवासीयांना, म्हणजे धुळे, जळगाव आणि भरताची हिरवी वांगी जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंतच्या सर्व स्त्री-पुरुषांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आपल्या प्रदेशाला समुद्र प्राप्त झालेला आहे. कृपया कोणी घाबरून जाऊ नये. गुरंढोरं उंचावर बांधावीत, गच्चीवरची वाळवणं आवरून घ्यावीत, आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांनी शेजाऱ्याला घट्ट धरून राहावं.

ही घोषणा माझी नाही. असली हिंमत माझ्यात कुठून येणार? ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून आली होती, एका बाजूला कुणाची हरवलेली गुणपत्रिका आणि दुसऱ्या बाजूला कुणाचं बदललेलं नाव, अशा दोघांच्या मधोमध. मी जळगावातल्या माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत होते. आता माझी पंचाईत समजून घ्या. मी कॉलेजात भूगोल शिकवते. खानदेशाला समुद्रकिनारा नाही, हे वाक्य मी पोरांच्या इतक्या पिढ्यांना सांगितलंय, की झोपेत कुणी हलवलं तरी मी तेच म्हणेन. आणि इथे शासकीय भाषेत, ठसठशीत काळ्या अक्षरांत, आमच्याच मूळ गावातल्या एका शेताबद्दल लिहिलं होतं: सदर क्षेत्र समुद्राच्या भरती रेषेपासून पुरेशा अंतरावर असल्याने ते शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्याची विनंती प्राप्त झाली आहे, तरी कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी.

माझा कप बशीवर आपटला. आमच्या ह्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, कागद खाली ठेवला, आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "समुद्र धुळ्याच्या अलीकडेच होता, आणि आपण पोरांना घेऊन दरवर्षी कोकणात जात होतो?"

हा पहिला धक्का. दुसरा त्याच्या पाठोपाठ आला, कारण गट क्रमांक वाचला आणि शेत ओळखू आलं. ते आमच्या चुलतभावाचं खालचं वावर होतं.

आमचं गाव धुळ्याच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत. गावाच्या खाली जुना तलाव आहे. पावसाळ्यात तो भरला की सांडव्यावरून पाणी उतरतं आणि चुलतभावाच्या त्या खालच्या वावरात पसरतं. तिथे ते दिवाळीपर्यंत, कधी संक्रांतीपर्यंत बसून राहतं. मग हळूहळू मागे सरतं, आणि उघड्या पडलेल्या गाळात टरबुजं लावतात. थंडीत तिथे दूरदेशीची बदकं उतरतात. गावात त्यांना कुणी बदकं म्हणत नाही, पाव्हने म्हणतात. आणि त्या वावराच्या बांधाला लागून, उताराच्या टोकाला, अक्काचं घर आहे.

अक्का म्हणजे माझी आणि चुलतभावाची मोठी काकू. अख्ख्या गावाचीच अक्का. दोन खोल्या, पुढे वसरी म्हणजे ओसरी, बाजूला एका गाईचा गोठा. काका गेल्यावर तिने गाळात टरबुजं पिकवून हे घर उभं केलं, भिंतींच्या विटासुद्धा स्वतः वाहिल्या. मध्यंतरी चुलतभावाने त्या वावराच्या एका कोपऱ्यात मुरमाच्या दोन-चार गाड्या ओतल्या होत्या, ट्रॅक्टर उभा करायला. त्या वर्षी पाणी अक्काच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि ती गाईचं दावं हातात धरून रात्रभर खाटेवर बसून होती. नुसत्या एका कोपऱ्याचं हे, तर सगळं वावर भरून त्यावर घरं उभी राहिली तर पाणी कुठे जाणार, हे सांगायला भूगोलाची बाई लागत नाही.

मी चुलतभावाला फोन लावला. तो माझ्याहून थोडा लहान, दरवर्षी राखीला येतो, येताना केळीचा घड घेऊन येतो, आणि स्वभावाने असा की त्याच्यावर दहा मिनिटांच्या वर रागावता येत नाही. मी अकरा मिनिटांची तयारी करून बसले होते.

"ताई! वाचलं का तू? कसं वाटलं?" त्याने असं विचारलं, जणू मुलीची लग्नपत्रिका छापून आली होती.

"अरे, समुद्र कुठून आणलास?"

"ते जाऊ दे गं. तो कागदवाला ठाण्याचा आहे ना, त्याचं सगळं काम कोकणातलं. तिकडच्या जुन्या अर्जावरून हा केला त्याने. थोडं राहून गेलं."

"थोडं? समुद्र राहून गेला!"

"ताई, मुद्द्याचं बोल. शेत पिवळं करून घेतोय."

आमच्याकडे झोन बदलणे असं कुणी म्हणत नाही. शासनाच्या नकाशात शेती हिरवी आणि रहिवास पिवळा रंगवतात, म्हणून शेत पिवळं करणे. ऐकणाऱ्याला वाटावं की वावराला हळद लागतेय. मी विचारलं, "आणि अक्काचं घर?" तो म्हणाला, "अक्काला आपण नाली काढून देऊ ना. पाइप टाकू. मोठा." तलावाला पाइप! मी फोनच ठेवून दिला, आणि शेवटचा शब्द दुसऱ्याला देऊन मी फोन किती वर्षांतून एकदा ठेवते ते आमच्या ह्यांना विचारा.

पुढच्या रविवारी मी गावी गेले, तर तिथे निराळाच गोंधळ. सूचनेतला भरती हा शब्द गावभर फिरला होता. आमच्याकडे भरती एकच, पोलिसातली. ती समुद्राला पण येते हे कुणाच्या गावी नव्हतं. तलावाजवळ भरतीची रेषा आखणार म्हटल्यावर चार-पाच तरुण पहाटेच तिथे धावण्याचा सराव करून गेले होते. पाराजवळ एक आबा मला म्हणाले, "बाई, तू शिकेल शे, सांग बरं. उंची कितली लागस?" मी म्हटलं, "आबा, ही समुद्राची भरती." आबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "म्हनजे नेव्ही," ते शेजारच्याला म्हणाले.

अक्का वसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी तिला सगळं वाचून दाखवलं. समुद्राशी आल्यावर मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"समुद्र येई तवय येई," अक्का म्हणाली. "तलाव ते दरसाल येस, त्यानं काय?"

मग तिने शेंगांची टोपली बाजूला सारली आणि मला एखाद्या लहान पोरीला सांगावं तसं समजावलं. "पानीले बठाले जागा लागस, बाई. ते खालना वावरमा बठस. तठे भराव टाका, ते ते मनी वसरीमा ईसन बठी."

पाण्याला बसायला जागा लागते. माझ्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत पाणथळ जमिनीवर जेवढं लिहिलंय ते या एका वाक्यात बसतं. पण हे कौतुक नंतर सुचलं. तेव्हा मी तिच्याकडून हरकतीचा अर्ज करून घेतला, आणि घर सोडून मुलाकडे सुरतेला जाशील का असं एकदा विचारूनही पाहिलं. तिने गाईकडे बोट दाखवलं. "तिले सुरतनं पानी मानावाव नही." विषय संपला.

आणखी कुणाची हरकत आली नाही. गावातल्या अर्ध्या लोकांना तिथे प्लॉट हवा होता आणि उरलेल्या अर्ध्यांना चुलतभावाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. म्हणजे सगळा डोलारा अक्काच्या एका हरकतीवर उभा होता.

सुनावणी धुळ्याला. मी तिला घ्यायला गेले तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळावर बुक्का लावून तयार. गाडीत मी तिची उजळणी घेतली. "अक्का, तिथे सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडम असतील. त्या विचारतील, तुमची हरकत काय? तू काय म्हणायचं?"

"माले हरकत शे," अक्का पुटपुटली.

"असं नाही. मोठ्याने. दचकले पाहिजेत सगळे."

"माले हरकत शे!"

"अजून!"

"माले हरकत शे!" अक्का गरजली. आम्ही धुळ्याच्या चौकात सिग्नलला होतो आणि काच खाली होती. शेजारचा रिक्षावाला खाली वाकून आत बघत म्हणाला, "काय व्हयनं माय? कोन तरास देस तुले?" आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी हिरवा दिवा लागायच्या आधीच गाडी हलवली असती.

सुनावणीच्या दालनात पोचलो तर चुलतभाऊ आधीच हजर. पांढरा सदरा, कपाळावर गंध, बरोबर तो ठाण्याचा कागदवाला. हा माणूस इतका गुळगुळीत बोलायचा, की त्याच्या वाक्यावर माशी बसली असती तर घसरली असती. मी मनातल्या मनात तलवार उपसली. आणि चुलतभावाने काय करावं? सरळ येऊन अक्काच्या पायाला हात लावला.

"अक्का, पाठ दुखस ना तुनी?" असं म्हणत त्याने गळ्यातला मफलर घडी करून तिच्या पाठीमागे लावला. मग चहा आणला. मग शेव आणली. मॅडम दुसऱ्या बैठकीत अडकल्या होत्या, आम्ही ताटकळत होतो, आणि तेवढ्या वेळात अर्जदार आणि हरकतदार एका कागदातून शेव खात होते. तो तिला कुणाच्या घरी पोरगी झाली ते सांगत होता, ती त्याला बायकोच्या गुडघ्याला कसला लेप लावायचा ते सांगत होती. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर. माझ्या मांडीवर तलावाचे फोटो, हातात नकाशा, आणि अंगात महायुद्धाची तयारी. मला कुणी शेवसुद्धा विचारली नाही.

इतक्यात मॅडम आल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, झपझप चालणाऱ्या. त्या खुर्चीत बसल्या, कारकुनाने फाईल उघडून आमच्या प्रकरणाचा पुकारा केला, पेन सरसावलं. मॅडमची नजर सगळ्यांवरून फिरली आणि अक्कावर थांबली. आणि त्या बिचाऱ्या बाईने, खरोखर मनापासून, विचारलं, "आजी, फार वेळ बसवून ठेवलं हो तुम्हाला. जरा उशीरच झाला. हरकत नाही ना?"

मला काही कळायच्या आत अक्का उभी राहिली. हात जोडले. सकाळी शिकवल्याप्रमाणे छाती भरून श्वास घेतला. आणि दालनाच्या खिडक्या थरथरतील अशा आवाजात म्हणाली, "नही वं माय! हरकत कसानी? माले काहीच हरकत नही!"

कारकुनाचं पेन कागदावर टेकलं.

"नोंद घ्यावी," कागदवाला लोण्यासारखा म्हणाला. "हरकतदारांची काहीच हरकत नाही."

"अहो!" मी उठले, मांडीवरचे सगळे फोटो जमिनीवर. "मॅडम, ती उशिराबद्दल बोलतेय!"

"उशीर हा शब्द त्यांनी उच्चारलेला नाही," कागदवाला.

"मग त्या समुद्राचं काय? अर्जात समुद्र आहे तुमच्या!"

"टंकलेखनातील चूक."

मॅडमनी हात वर केला. हसू दाबत होत्या, पण गंभीर होत्या. "थांबा. आजी, मी नीट विचारते. ते शेत रहिवासासाठी द्यायला तुमची हरकत आहे, की नाही?"

आता तरी. मी अक्काकडे असं पाहत होते, की माझ्या डोळ्यांनीच तिची जीभ हलेल. अक्काने आधी मॅडमकडे पाहिलं. मग चुलतभावाकडे. तो तिचा रिकामा कप हातात घेऊन उभा होता, ठेवायला जागा शोधत.

"आते बोली गयी मी," अक्का म्हणाली. "चार लोकेसमोर हरकत नही सांगं. आते शे कशी सांगू? शब्द शे तो. लुगडं शे का, उलटं करीसन नेसाले?"

आणि खाली बसली.

मी खांद्याला धरून तिला हलवणार होते. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. हरकत असो, नसो. जमीन तलावाला लागून आहे, मी स्वतः येऊन बघणार. मला एवढंच ठरवायचंय की तिथे पाणी साठतं का. साठत असेल, तर रहिवास नाही. माणसांना पाण्यात बसवता येत नाही. नसेल साठत, तर अडवायला माझ्याकडे काही कारण उरत नाही." मग चुलतभावाला विचारलं, "साठतं का हो?"

"एक थेंब नाही मॅडम," चुलतभाऊ कप छातीशी धरून म्हणाला. "आमच्या वडिलांच्या वेळेपासून एक थेंब नाही."

शेजारी बसलेल्या अक्काने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग पायातल्या चपलेकडे.

परतीच्या वाटेवर मी दोनदा चुकीचा गिअर टाकला. शेवटी मला राहवेना. "अक्का, घरात पाणी येईल तुझ्या!"

"येई," अक्का म्हणाली.

"मग?"

"मंग खाट वर चढावू. ती बाई इतली मोठी साहेब, अन् मन्हासारखी म्हातारीनी माफी मांगस. तिले तोंडवर हरकत शे सांगू?" थोडं अंतर गेल्यावर खिडकीबाहेर बघत ती हळूच म्हणाली, "त्यानी माय गयी तवय त्याले मी वाढायेल शे. आंघोय घालेल शे मी त्याले."

घराशी उतरली तेव्हा तिने कुलूप काढलं नाही लगेच. दाराच्या चौकटीशी, मागच्या वेळी पाणी आलं तिथे भिंतीचा रंग पोपडून गेलाय, त्यावर नुसता हात फिरवला. मग गाईला चारा टाकायला गेली. तिचा मोठेपणा वगैरे मला त्या संध्याकाळी अजिबात दिसला नाही. मला एक म्हातारी दिसत होती, जिने हाताने बांधलेलं घर शिष्टाचारापायी पाण्यात सोडलं होतं.

मॅडम पौषात आल्या. मी रजा टाकून सकाळीच गावी पोचले, आणि वावराच्या तोंडाशीच माझी गाडी आपोआप थांबली. कमानीवर मोठा फलक. त्यावर निळाशार समुद्र, नारळाची झाडं, एक शिडाची होडी आणि बुडणारा सूर्य. खाली बाभळीला बांधलेली म्हातारी शेळी तो समुद्र चघळायच्या प्रयत्नात होती. रस्त्यापासून आतपर्यंत मुरमाची कोरी करकरीत वाट, त्यावर हिरवी जाजमं, पुढे मांडव, मांडवात खुर्च्या. मांडवामागे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर वांगी भाजायला टाकलेली. आणि पाव्हने कुठे? तलावावर एकही पक्षी नाही. कळलं की पहाटे चुलतभावाच्या माणसांनी सुतळी बॉम्ब लावून सगळे उडवले होते.

"भाऊ, लाज वाटत नाही?" मी म्हटलं.

"ताई, ते येतील गं परत," तो वांगं उलटत म्हणाला. "त्यांचं काय, पाव्हनेच ना ते. तू भरीत खाऊन जा."

खरोखरच, मॅडमची गाडी येईतो दोन-चार जण घिरट्या घालत परतले होते. पण त्यांच्याकडे पाहून काय ठरणार होतं? मी जमीन पाहिली आणि माझं अवसानच गळालं. जमीन कोरडी होती. ठणठणीत. मांडवाच्या आसपास वरचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, टाच आपटली तर दगडावर आपटल्यासारखी. त्या साली पाऊस लवकर उघडला होता, आणि वरच्या अंगाला पाणी नेहमीपेक्षा आधीच मागे सरलं होतं.

मी मॅडमना बाभळीच्या खोडांवरची गाळाची रेघ दाखवली. कागदवाला म्हणाला, ती मोटर लावून सिंचन केल्याची. मी शिंपले दाखवले. तो म्हणाला, बैलगाडीतून वाळूबरोबर आलेले. मी अक्काच्या भिंतीवरचे पोपडे दाखवायला नेते म्हटलं, तर तो म्हणाला, घर जुनं आहे, ओल धरतंच. प्रत्येक उत्तराला मॅडम मान हलवत होत्या. आणि मान्य केल्यासारखी हलवत होत्या.

मग त्या मांडवात बसलेल्या अक्काकडे वळल्या. "आजी, तुम्ही इथल्याच. तुम्ही तरी सांगा. इथे पाणी असतं का?"

अक्काचे ओठ हलले. तिने जाळाशी उभ्या असलेल्या चुलतभावाच्या पाठीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "मी बोली गयेल शे, माय," ती म्हणाली. "माले इचारू नका."

मी डोक्याला हात लावला. खरोखरचा, दोन्ही हातांनी.

मॅडम घड्याळात बघत उठल्या. "चला. खालची हद्द तेवढी बघते आणि निघते." नकाशा हातात धरून त्या जाजमावरून उतरल्या, आणि वावराच्या टोकाला, जिथे लुसलुशीत हिरवं गवत उगवलं होतं आणि कडेला दोन बगळे उभे होते, तिकडे झपझप चालू लागल्या. दिसायला तो अख्ख्या वावरातला सगळ्यात देखणा भाग. कागदवाला दोन पावलं मागून सांगत होता, "ही बघा मॅडम, पूर्णतः कोरडी, भरीव, बांधकामयोग्य जमीन." मला काही ठाऊक नव्हतं. मी तिथे कधी गेलेच नव्हते. पण अक्का खुर्चीवरून अर्धी उठली होती आणि तिचा हात हवेत तसाच राहिला होता.

चुलतभाऊ तेव्हा ताटात भरीत वाढत होता. सकाळपासून त्याने तोंडातून आमच्या बोलीचा एक शब्द काढला नव्हता. सगळं सदर, तथापि, मॅडम आपण. त्याने सहज मान वर केली. मॅडम कुठे चालल्यात ते पाहिलं. आणि त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. गप्प राहिला असता तर? फार तर मॅडम कमरेपर्यंत रुतल्या असत्या, ओढून काढल्या असत्या, पाय घसरला म्हणून सांगता आलं असतं. कागदवाल्याने नक्कीच सांगितलं असतं. दोन महिने मी ज्याला मनात नाही नाही ती नावं ठेवली, तो माणूस मात्र कुणी चिखलात जातंय हे नुसतं बघत उभा राहू शकला नाही. ताट खाली पडलं, भरीत जाजमावर, चप्पल एकीकडे, आणि तो दोन्ही हात हलवत सुटला. त्या अर्जाचं पुढे काय झालं ते मी निराळं सांगायला नको. अक्काच्या वसरीत या वर्षीही पाणी नाही, गाय आहे. कारण त्या भर दुपारी, शासनाच्या, ठाण्याच्या आणि अर्ध्या गावाच्या साक्षीने, तो जिवाच्या आकांताने ओरडला होता:

"मॅडम, मांगे फिरा! तठे बाराही महिना पानी राहस, मनी म्हैस बुडी गयथी तठे!"